दहा फुटांवर हिरवं

राजमंड्री,
१२ जून २००७

बाबायना हैमाचा नमस्कार.

ईमेल केली की तुम्ही ती विद्यार्थ्यांच्या शंकांखाली आठवडाभर दाबून ठेवता, म्हणून कागद घेतला आहे. कागद तरी तुम्ही जेवताना वाचता, असं तुम्हाला वाढणारी पिन्नी सांगते.

बातमी अशी की मला एकदाचं खरं काम मिळालं. चलपती गारूंच्या कंपनीत (कंपनी म्हणजे पुतरेकुलूच्या मिठाईच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि सहा माणसं) जिल्ह्याच्या पूरकक्षाचं वेबपान करायचं काम आलं आहे. गोदावरीच्या पात्रातल्या सतरा लंका, म्हणजे सतरा बेटांवरची गावं. प्रत्येक लंकेवरचा पट्टीवाला नदीतली पट्टी वाचून फोनवर पाण्याची पातळी सांगतो, कक्षातला कारकून ती टंकतो आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्या लंकेपुढे ठिपका उमटतो. हिरवा असेल तर ठीक. लाल झाला की माणसं काढायला नावा सुटतात. सतरांत आपली मोगलिलंकाही आहे. तिथं पट्टीवर अजून वीरराजू गारूच आहेत.

आधीच्या मुलानं पानात जावाचा कोड कोंबून ठेवला होता. एखाद्या लंकेचा फोन आला नाही, की सतराच्या सतरा गायब आणि पडद्यावर चुकांचा वीतभर रकाना. मी ते सगळं काढून टाकलं आणि तुमच्या लाडक्या एक्स्प्रेशन लँग्वेजमध्ये लिहिलं. डॉलरचं चिन्ह, महिरपी कंस, आत वस्तूचं नाव, झालं. पान जाऊन ती वस्तू घेऊन येतं. चारशे ओळींच्या साठ झाल्या. आमच्या इथं चित्रं काढणारी भवानी, जिनं जावाचं तोंडही पाहिलेलं नाही, तीसुद्धा आता ठिपक्यांची जागा स्वतः बदलते आणि मला विचारत नाही.

पूर्ण पान सोबत छापून पाठवते आहे. मुख्य ओळ एकच: पातळी धोक्याच्या आकड्याहून मोठी, तर लाल, नाहीतर हिरवं. मोगलिलंकेचा धोक्याचा आकडा साडेनऊ फूट. तुम्ही एकदा नजर घाला. चूक सापडणार नाही, पण तुम्हाला शोधायला आवडतं.

तुमची,
हैमा


अमीरपेट, हैदराबाद,
२४ जून २००७

हैमा तल्ली,

तुझं पान मी सातच्या बॅचला फळ्यावर लिहून दाखवलं. दोनशे दहा मुलं, खुर्च्या एकशे ऐंशी, पंखे चार. तुझं नाव सांगितलं नाही, नाहीतर म्हणतील सर घरच्यांची जाहिरात करतात.

पान चांगलं आहे. चांगलं म्हणतोय म्हणजे किती चांगलं ते माझ्या भावाला, तुझ्या बापाला विचार. लहानपणी त्यानं माझ्याकडून हा शब्द ऐकला नव्हता. ही छोटी भाषा मला का आवडते माहीत आहे? माझ्या बॅचमधली निम्मी मुलं खेड्यांतून तेलुगूत शिकून आलेली. जावाचं पहिलं पान बघून ती वही मिटतात. ह्या भाषेत तिसऱ्या दिवशी त्यांचं पहिलं पान चालतं. पान चाललं की पोरगं सरळ बसतं. गेली तीन वर्षं मी हे रोज बघतो, त्यामुळे ह्या भाषेला नावं ठेवणाऱ्या जाणकारांशी माझं जमत नाही.

आता खोट सांगतो. ही भाषा फार सभ्य आहे. वस्तू सापडली नाही तर आरडाओरडा करत नाही, गप्प रिकामी जागा सोडते. ही तिची गोडी, आणि हीच तिची लबाडी. फोन आला नाही तर तुझ्या लंकेपुढे काहीच उमटणार नाही आणि बघणाऱ्याला वाटेल सगळं ठीक आहे. तिथं 'माहिती नाही' असे शब्द घाल, मोठ्या अक्षरांत. एवढं केलंस की बिनधास्त लाव. मी ओळ न् ओळ वाचली आहे.

वीरराजू अन्नाला माझा नमस्कार सांग. मी सहा वर्षांचा असताना त्यानं मला खांद्यावर घेऊन शाळेपर्यंत पाण्यातून नेलं होतं आणि वाटेत पाढे म्हणायला लावले होते. त्याच्या पट्टीवर माझा कंपायलरपेक्षा जास्त विश्वास आहे.

पिन्नीनं गोंगुराच्या लोणच्याची बरणी पाठवली आहे. बसवाल्याकडून न विसरता घे.

बाबाय


राजमंड्री,
२१ जुलै २००७

बाबायना नमस्कार.

पान लागलं. 'माहिती नाही' असं जाड अक्षरांत घातलं आहे; पहिल्याच दिवशी पाच लंकांपुढे उमटलं आणि कक्षाच्या साहेबांनी पाच पट्टीवाल्यांना फोनवर झाडलं. आधी म्हणे कोणाचा फोन आला नाही हे कोणाला कळतच नसे. माझं पान पहिल्यांदा कामाला आलं ते असं.

मी स्वतः आकडे घालून बघितले. सातला हिरवं, नऊला हिरवं, नऊ पॉइंट आठला टचकन लाल. भवानीनं टाळ्या वाजवल्या.

वीरराजू गारू कक्षात पान बघायला म्हणून लंकेवरून आले होते, धुतलेला पंचा खांद्यावर टाकून. पडद्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि मग मला म्हणाले, "अम्मा, हे पाण्याला विचारून सांगतं का मला विचारून?"

मी म्हटलं, "तुम्हाला विचारून."

"मग माझं चुकलं तर?"

"मग त्याचंही चुकणार."

"आणि माझं बरोबर असून त्याचं चुकलं तर?"

मी हसले. म्हटलं, सूर्यम बाबायनी ओळ न् ओळ वाचली आहे. तुमचं नाव ऐकल्यावर ते समाधानानं मान हलवून गेले. येत्या जूनला ते निवृत्त होतात. एकतीस वर्षांत एक दिवस फोन चुकलेला नाही, असं साहेब सगळ्यांसमोर म्हणाले.

नदीच्या वरच्या अंगाला भद्राचलमला पाणी चढतंय असं ऐकते. येऊ दे, आम्ही तयार आहोत.

हैमा


राजमंड्री,
११ ऑगस्ट २००७

बाबाय,

तुम्ही पेपरात वाचलंच असेल. आपल्याकडचे सगळे ठीक आहेत, आधी ते सांगते.

मंगळवारी सकाळी मोगलिलंका लाल झाली. तीन नावा गेल्या आणि दुपारपर्यंत निम्म्याहून जास्त माणसं काठावर आली. दीडच्या सुमारास ठिपका हिरवा झाला. त्या वेळी शेजारच्या दोन लंका लाल होत्या, म्हणून कक्षातून फोन गेला आणि मोगलिलंकेच्या तिन्ही नावा तिकडे वळवल्या. मागे चौसष्ट माणसं राहिली. साडेतीनला घरांत पाणी शिरलं. शाळेच्या गच्चीवर चढून बसली सगळी. पलीकडच्या काठाच्या कोळ्यांनी आपणहून होड्या घातल्या आणि उजेड असेपर्यंत सगळ्यांना काढलं. जीव कोणाचा गेला नाही. लंकेवरच्या नूकालम्माच्या दोन्ही म्हशी दाव्याला बांधलेल्या राहिल्या आणि तशाच गेल्या.

चौकशी लागली आहे. साहेबांचं म्हणणं, ठिपका आकड्यावरून ठरतो, हिरवा झाला म्हणजे वीरराजू गारूंनी साडेनऊच्या खालचा आकडा सांगितला. त्यांना घरी बसवलं आहे. वय झालं, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून वाचलं, चुकलं असेल. त्यांच्या वहीत दुसरे आकडे आहेत, पण सगळे म्हणतात वही मागाहून भरली. कारकुनाला सतरा ठिकाणचे फोन चालू होते, त्याला काही आठवत नाही. पडद्यावर आकडा दिसत नाही, फक्त ठिपका दिसतो. २८ तारखेला सुनावणी आहे.

चलपती गारू म्हणाले, पान सांगितलेलंच दाखवतं. ते खरंच आहे.

बाकी ठीक.

हैमा


अमीरपेट,
१६ ऑगस्ट २००७

हैमा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तू इतकं कोरडं कधी लिहीत नाहीस.

वीरराजू अन्ना नऊ आणि दहा ह्यांत चुकणार नाही. तो झोपेतही चुकणार नाही. तेव्हा पहिल्यांदा मी कारकुनावर संशय घेतला आणि त्याला मनात भरपूर शिव्या दिल्या. मग म्हटलं, शिव्या द्यायच्या आधी पान तरी चालवून बघावं. मी ते वाचलं होतं, चालवलं नव्हतं. काल सातच्या बॅचला तुझं पान मोठ्या पडद्यावर लावलं आणि आकडे घालत गेलो. नऊ पॉइंट सहा, लाल. नऊ पॉइंट नऊ, लाल. दहा पॉइंट एक घातला आणि हिरवं झालं.

दोनशे मुलं बघत होती. मी पुन्हा घातला. पुन्हा हिरवं. अकरा घातला, बारा घातला. पाणी चढतंय आणि ठिपका हिरवाच.

कारण तुला सांगायला नको, तरी लिहितो, कारण ते मला माझ्या हातानं लिहायचं आहे. कारकून जे टंकतो ते पानाकडे मजकूर म्हणून येतं. धोक्याचा आकडा कचेरीच्या फाइलमधून येतो, तोही मजकूरच. दोन्हीकडे मजकूर दिसला की ही आपली छोटी भाषा त्यांना आकडे समजत नाही. शब्दकोशात शब्द लावावेत तसं पहिलं अक्षर बघते. 'एक' 'नऊ'च्या आधी येतो, म्हणून दहा हे नवापेक्षा लहान. हेच तू जावात लिहिलं असतंस तर कोड तपासणाऱ्या कंपायलरनं तिथल्या तिथं हात धरला असता की बाई, दोन मजकुरांत लहानमोठं असं विचारता येत नाही. ह्या भाषेनं हात धरला नाही. तिनं तुझा मान ठेवला आणि उत्तर दिलं.

ती रिकामी जागा सोडते तेव्हा निदान जागा रिकामी दिसते. इथं तिनं ठाम उत्तर दिलं आणि ते उलटं होतं. तिची ही खोट मी तीन वर्षांत एकदाही फळ्यावर लिहिली नाही. मला वाटायचं पोरं घाबरतील.

आणि ओळ न् ओळ वाचली, असं मी लिहून दिलं होतं.

आता सांग. दीड वाजता सर्व्हरवर कोणता आकडा आला होता? पडद्यावर फक्त ठिपका दिसतो हे मान्य, पण तू माझी विद्यार्थिनी आहेस, तू नोंद ठेवल्याशिवाय राहणार नाहीस.

बाबाय


राजमंड्री,
२० ऑगस्ट २००७

बाबाय,

नोंद आहे. ९.७. ९.९. १०.१. १०.४. १०.९. मिनिटांसकट. वीरराजू गारूंच्या वहीतले आकडे अगदी हेच आहेत.

तुमचं पत्र यायच्या आधीपासून मला माहीत आहे. पुराच्या तिसऱ्या दिवशीच मी आकडे काढले आणि दहा मिनिटांत चूक सापडली. त्याच दुपारी दुरुस्त केली. आता पान काही ठरवतच नाही. पातळीचा आधी जावात खरा आकडा होतो, लाल की हिरवं हे तिथंच ठरतं आणि पान फक्त रंग दाखवतं. मग चलपती गारूंना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, चूक सुधारलीस ना, मग झालं. आणखी दोन नद्यांची पानं आपल्याला मिळणार आहेत, सहा घरं ह्यावर चालतात, म्हाताऱ्याला नाहीतरी जूनमध्ये घरीच बसायचं आहे.

मी हो म्हटलं. तुम्हाला लिहिताना 'वय झालं, चुकलं असेल' हे मी जाणूनबुजून लिहिलं. लिहून झाल्यावर मला स्वतःची किळस आली, तरी पाकीट डकवलंच.

कारकून आता खरं बोलायला लागला आहे, पण फक्त कँटीनमध्ये. त्या दुपारी वीरराजू गारूंनी चार फोन केले होते. नावा का परत नेल्या म्हणून विचारत होते. हा म्हणाला, "गारू, पडदा हिरवा आहे, तुम्ही का ओरडता?" चौथ्या वेळी ते म्हणाले, "बाबू, पाणी माझ्या छातीशी आहे, तुझ्या पडद्याला सांग."

मला भीती वाटते, बाबाय. नोकरीची वाटते, पण त्याहून जास्त ह्याची, की साहेबांना हे समजावून कसं सांगू? मजकूर आणि आकडा ह्यातला फरक सांगायला गेले तर ते म्हणतील पोरगी म्हाताऱ्याला वाचवायला काहीतरी तांत्रिक बोलतेय.

हैमा


अमीरपेट,
२३ ऑगस्ट २००७

हैमा तल्ली,

रागावलो होतो. पत्राचे दोन मसुदे फाडले, त्यांत बरंच काही होतं. मग आठवलं की तू चोवीस वर्षांची आहेस आणि तुझ्या पानावर पहिला शिक्का मी मारला होता. तेव्हा उपदेश राहू दे, कामाचं बोलतो.

साहेबाला भाषा समजावू नकोस. त्याला भाषा कळणार नाही, पण लाल-हिरवं कळतं. जुनं पान जसंच्या तसं काढ, त्या मंगळवारचं. संगणकावर लाव आणि कीबोर्ड त्याच्या पुढ्यात सरकव. आकडे त्याला स्वतःच्या बोटांनी टंकू दे. तू एक शब्द बोलू नकोस. नोंद छापून जवळ ठेव, ती नंतर.

आणि हे सोबतचं पत्र साहेबाला दे. त्यात मी लिहिलं आहे की हे पान मी, गुत्तुला सूर्यप्रकाशम, अकरा वर्षं जावा शिकवणारा माणूस, तपासून बरोबर म्हणून परत पाठवलं होतं. सही केली आहे, संस्थेचा शिक्का मारला आहे. संस्थेचे मालक म्हणाले, सर, तुमच्या नावावर बॅच भरते, असं लिहून देऊ नका. मी म्हटलं, भरते म्हणूनच देतो.

माझ्या नोट्सच्या किती झेरॉक्स ह्या गल्लीत फिरतात, मला मोजता येणार नाही. त्या परत बोलावता येत नाहीत. कालपासून प्रत्येक बॅचला पहिला तास मी ह्याच ओळीवर घेतो, गावाच्या नावासकट, म्हशींसकट. मुलं घाबरत नाहीत, उलट जास्त प्रश्न विचारतात. एवढी वर्षं मी त्यांना उगाच जपत होतो.

भाषा वाईट नाही, हेही सांगतो, नाहीतर तू उद्यापासून सगळं जावात कोंबायला लागशील. दाखवायला तिच्याइतकी चांगली दुसरी नाही. ठरवायला तिला बसवू नये. आपण बसवलं.

यायला निघणार होतो. पण मी आलो तर तू माझ्या मागे उभी राहशील. तेव्हा येत नाही.

बाबाय


राजमंड्री,
३० ऑगस्ट २००७

बाबायना हैमाचा नमस्कार.

चलपती गारूंना आदल्या दिवशी सांगितलं की मी जाणार. ते म्हणाले, मग परत इकडे येऊ नकोस. मी चपला घातल्या आणि निघाले. भवानी जिन्यापर्यंत आली, तिनं जुन्या पानाची सीडी माझ्या पिशवीत टाकली. मी ती घ्यायला विसरले होते.

सुनावणीत वीरराजू गारू वही मांडीवर घेऊन बसले होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. साहेबांनी विचारलं, तुमचं काय काम? मी म्हटलं, मोगलिलंकेपुढे नऊ पॉइंट नऊ टंका. ते वैतागले, पण टंकलं. लाल झालं. म्हटलं, आता दहा पॉइंट एक.

हिरवं झालं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा टंकलं. मग स्वतःच अकरा टंकलं. मग पंधरा. पंधरा फुटांवर मोगलिलंकेत नारळाचे शेंडे तेवढे दिसतील. ठिपका हिरवाच. मग मी नोंदीचा कागद ठेवला, त्यावर वीरराजू गारूंची वही ठेवली आणि तुमचं पत्र.

"हे लिहिलं कोणी?" साहेबांनी विचारलं.

"मी."

"कळलं कधी?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. "पुराच्या तिसऱ्या दिवशी," म्हटलं. "आज एकोणीस दिवस झाले."

साहेब मला बरंच बोलले. सगळं खरं होतं. वीरराजू गारूंना त्याच दिवशी परत घेतल्याचा कागद मिळाला. बाहेर व्हरांड्यात मी त्यांच्या पाया पडायला गेले, तर ते मागे सरकले. म्हणाले, "एकोणीस दिवस मी रात्री उठून वही उघडत होतो, अम्मा. मला वाटायला लागलं होतं की खरंच मी नऊ म्हणालो असेन." आणि गेले.

मी व्हरांड्यातच बसून रडले. हे तुम्हाला सांगते, आईला सांगितलेलं नाही.

हैमा


राजमंड्री,
२४ सप्टेंबर २००७

बाबायना नमस्कार.

पूरकक्षानं मला ह्या हंगामापुरतं बोलावून घेतलं आहे. साहेब म्हणाले, ज्यानं बिघडवलं त्यालाच बसवा, तो डोळे उघडे ठेवेल. सतरा लंकांचे फोन मीच घेते आणि मीच टंकते. पान अजून त्याच छोट्या भाषेत आहे, ठरवण्याचं काम तेवढं तिच्याकडून काढून घेतलं आहे. आणि रोज सकाळी पहिलं काम म्हणून मी शून्यापासून वीस फुटांपर्यंत सगळे आकडे घालून बघते. कक्षातली माणसं हसतात. हसू देत.

परवा दुसरं पाणी आलं. दुपारी बारापासून वीरराजू गारूंचा दर अर्ध्या तासाला फोन. सुनावणीनंतर ते माझ्याशी आकड्यापलीकडे एक अक्षर बोललेले नव्हते. आकडा सांगायचे, मी परत म्हणायचे आणि ते ठेवून द्यायचे. साडेतीनला त्यांचा आवाज आला, मागे पाण्याचा खळखळाट होता.

"दहा पॉइंट तीन."

"दहा पॉइंट तीन," मी म्हटलं आणि टंकलं.

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. कक्षात सगळे पडद्याकडे बघत होते.

"रंग कोणता, अम्मा?"

"लाल."

"नीट बघ."

"लालच आहे, गारू. नावा लंकेवरच राहतील. शेवटचं माणूस निघेपर्यंत एकही हलणार नाही, मी इथं बसले आहे."

"बरोबर," ते म्हणाले, आणि मग फोन ठेवला.

पाचच्या आत लंका रिकामी झाली. म्हशींसकट. शेवटच्या नावेत ते स्वतः होते. तेव्हापासून प्रत्येक फोनला आकडा सांगून झाला की ते रंग विचारतात, सात फुटांवर असले तरी. मी पडद्याकडे वळून बघते आणि मगच सांगते.

तुमची,
हैमा